छपरावरचा रेडिओ बसवताना: आधी आकडा, मग शिडी

पहिला पाऊस पडला की आमचे फोन वाजायला लागतात. "दादा, नेट सारखं जातंय." माणूस जातो, डिश इकडे-तिकडे हलवतो, थोडं सुधारलं की परत येतो. आठवड्यानं पुन्हा तोच फोन. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांवर ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ, म्हणजे टॉवरवरून हवेतून इंटरनेट घेणारी यंत्रं, बसवताना मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: वर चढायच्या आधी कागदावर आकडा काढा. सिग्नल किती यायला हवा हेच ठाऊक नसेल, तर आलेला सिग्नल चांगला की वाईट हे ठरवणार कशावरून?

टॉवरवर सेक्टर अँटेना (एका बाजूच्या सगळ्या घरांना सिग्नल देणारा) आहे आणि गिऱ्हाइकाच्या घरावर डिशवाला रेडिओ बसवायचाय, असं धरून हे लिहिलंय. कंपनी कुठलीही असो, क्रम हाच. आकड्याला लागणारी माहिती तुमच्या सेवा देणाऱ्याकडून घ्या.

१. घरी बसून: नकाशा आणि आकडा

गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअपवर लोकेशन मागवा, पण ते गच्चीवर किंवा अंगणात उभं राहून पाठवायला सांगा. बाजारात बसून पाठवलेलं लोकेशन घेऊन मी एकदा अख्खी दुपार वाया घालवली आहे. गूगल अर्थमध्ये टॉवर ते घर रेघ मारा, अंतर मोजा आणि उंचीचा आलेख बघा. आलेखात फक्त जमीन दिसते. झाडं, घरं, पाण्याची टाकी त्यात नसते. म्हणजे आलेखात लाइन अडली तर ती खरोखर अडलेली आहे, पण मोकळी दिसली म्हणून मोकळी असेलच असं नाही.

आता आकडा. हवेतून जाताना सिग्नल किती घटतो, ते ५.८ गिगाहर्ट्झसाठी साधारण असं: १ किलोमीटरला १०८ डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप), २ ला ११४, ३ ला ११७, ५ ला १२२. अंतर दुप्पट झालं की ६ डीबी वाढवायचे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

टॉवरवरच्या रेडिओची पॉवर अधिक सेक्टरचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटून अँटेना जो जोर देतो तो), त्यातून हे नुकसान वजा, त्यात आपल्या डिशचा गेन अधिक. उदाहरणार्थ पॉवर १९, सेक्टर १७, म्हणजे ३६. अंतर ३ किलोमीटर, म्हणून ३६ वजा ११७, उणे ८१. डिशचा गेन २३ डीबीआय, म्हणून उणे ५८. हा तुमचा आकडा, डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं माप); शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात. तीन-चार डीबीची सूट धरा. उणे ६२ आला तरी खुशाल पुढे जा. उणे ७२ आला तर "चालतंय ना" म्हणून खाली उतरू नका. १४ डीबी कुठंतरी हरवलेत, ते आधी शोधायचे.

३६ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेनं ५ गिगाहर्ट्झचे पट्टे परवानामुक्त झाले, त्यातल्या ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ पट्ट्यात अँटेनासकट ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॉट, ही मर्यादा आहे. रेडिओत देश म्हणून भारतच निवडा. मर्यादा नसलेला "टेस्ट" पर्याय लावून पॉवर वाढवणारे भेटतात. त्यांचा एक सेक्टर सुधारतो आणि शेजारचे चार बिघडतात.

तपासा: अंतर, टॉवरची दिशा अंशांत, अपेक्षित सिग्नल. तिन्ही कागदावर आल्याशिवाय गाडी काढू नका.

२. जागेवर: डोळ्यांनी बघणं

गच्चीवर जा, टॉवर बघा. दिसत नसेल तर दुर्बीण घ्या. मोबाइलच्या होकायंत्रानं दिशा धरायला हरकत नाही, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम अंशभराचा फरक पडतो. पण पत्र्याजवळ किंवा लोखंडी पाइपाला टेकून उभं राहून दिशा घेऊ नका, काटा भलतीकडे जातो. अंगणात चार पावलं बाजूला जाऊन घ्या आणि समोरच्या डोंगरावरची एखादी खूण लक्षात ठेवा.

टॉवर दिसला म्हणजे झालं, इथेच बहुतेकांची गफलत होते. सिग्नल दोरीसारखा जात नाही, मधे फुगलेल्या काकडीसारखा जातो. ३ किलोमीटरच्या लाइनला मध्यावर त्या फुगवट्याची त्रिज्या ६ मीटरच्या आसपास असते आणि त्यातली किमान ६० टक्के, म्हणजे पावणेचार मीटर जागा मोकळी लागते. घरापासून १०० मीटरवर तीच गरज सव्वा-दीड मीटरची. म्हणून शेजारच्या आंब्याच्या शेंड्याला घासून टॉवर दिसत असेल, तर ती लाइन मोकळी नाही.

झाडं वाढतात. मे महिन्यात सर्वे करताना सागाला पान नसतं. त्याच फांद्यांतून टॉवर छान दिसतो, सिग्नलही येतो. जूनमध्ये साग पालवला आणि पानं भिजली की सगळं बसतं. गिऱ्हाईक म्हणतो, पावसानं नेट जातं. पावसाचा दोष फार थोडा: ५ गिगाहर्ट्झला ३ किलोमीटरवर मुसळधार पावसातही साधारण दोन-तीन डीबीचाच फरक पडतो. नेट जातं ते ओल्या पानांनी, नाहीतर जोडात शिरलेल्या पाण्यानं.

जागा जमत नसेल तर नाही म्हणा. मला हे बोलायला सोपं आणि धंद्यात करायला अवघड वाटतं, पण सेक्टरवरचा एक कमजोर गिऱ्हाईक बाकी सगळ्यांचा वेळ खातो. तेवढाच डेटा त्याला हळू वेगात पाठवावा लागतो आणि तेवढा वेळ इतर रेडिओ खोळंबतात. त्याचे महिन्याचे पैसे मिळतात, पण दहा जणांच्या शिव्याही मिळतात.

३. टेबलावर: रेडिओ आधी खालीच चालवून बघा

छपरावर बसून, उन्हात स्क्रीन न दिसणाऱ्या मोबाइलवर सेटिंग करण्यात काही मर्दुमकी नाही. ऑफिसातच हे उरका:

- फर्मवेअर (रेडिओतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, मूळ पासवर्ड बदला. २०१६ साली जुन्या फर्मवेअरच्या रेडिओंमध्ये आपोआप पसरणारा एक व्हायरस आला होता, तो असल्याच दारांतून शिरला.
- टॉवरच्या नेमक्या सेक्टरचा मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक) लॉक करा. दोन सेक्टरचं नाव एकच असेल तर रेडिओ शेजारच्या सेक्टरच्या पाठीला चिकटतो. सिग्नल दिसतो, वेग येत नाही, आणि माणूस तासभर डिश फिरवत बसतो.
- चॅनलची यादी एकाच चॅनलपुरती आवळू नका. टॉवरनं चॅनल बदलला की असा रेडिओ परत जोडला जात नाही.
- पीपीपीओई (सेवा देणाऱ्याकडे नाव-पासवर्डनं होणारं लॉगिन) कुठं चालणार हे ठरवा: रेडिओत की घरातल्या राउटरमध्ये. दोन्हीकडे राउटिंग ठेवलं की सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही आणि दोन्हीकडे आयपी पत्त्यांची १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर काहीच चालत नाही. मी पीपीपीओई रेडिओत ठेवतो. कारण साधं आहे: घरातलं कुणीतरी राउटरचं रिसेटचं बटण कधीतरी दाबतंच.

केबलचे जॅकही शक्यतो खालीच मारा. क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागले पाहिजेत.

तपासा: रेडिओ, त्याचा पीओई अडॅप्टर (नेटच्या केबलमधूनच रेडिओला वीज देणारा), तीच केबल आणि लॅपटॉप टेबलावर जोडून सुरू करून बघितलं का? वर गेल्यावर काही चाललं नाही, तर निदान एवढं तरी चालत होतं हे ठाऊक असतं.

४. खांब

दीड किंवा दोन इंची जीआय पाइप घ्या. पोकळ पातळ पाइप वाऱ्यात डोलतो, आणि डिशचा झोत असतो आठ-दहा अंशांचा. ३ किलोमीटरवर एक अंश म्हणजे टॉवरच्या जागी ५० मीटर. डोलणारा खांब म्हणजे डोलणारं नेट.

स्लॅबच्या कठड्याला अँकर बोल्टनं दोन ठिकाणी धरा, दोन पकडींमध्ये किमान दोन फूट अंतर ठेवा. जुन्या जांभ्याच्या भिंतीत बोल्ट ठोकून भागत नाही, चिरा सुटतो. तिथं भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागून पट्टी द्या. कौलारू घरावर खांब कौलांवर टेकवू नका. वाशाला किंवा भिंतीला धरा, नाहीतर जमिनीतून उभा करा. दहा फुटांच्या वर गेलात तर तीन बाजूंनी ताण, म्हणजे खांब खेचून धरणाऱ्या तारा, लागतात.

गवंड्याचा ओळंबा सोबत ठेवा. खांब तिरका असेल तर डिश आडवी फिरवताना ती वर-खालीही होते, आणि पुढचं अलाइनमेंट म्हणजे आंधळी कोशिंबीर. दोन बाजूंनी ओळंबा लावून मगच नट आवळा.

धोका: विजेच्या तारा बघा. खांब आडवा पडला तर तारेपर्यंत पोचेल का? पोचत असेल तर जागा बदला. ओल्या पत्र्यावर चढू नका. कंबरेला पट्टा बांधा आणि खाली एक माणूस उभा ठेवा.

५. केबल: पैसे वाचवायची जागा ही नव्हे

बाहेरची, शिल्ड असलेली, शुद्ध तांब्याची केबल घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. ओळखायची खूण: तार चाकूनं खरवडली की आतून पांढरी दिसते. तिच्यात व्होल्टेज जास्त पडतं आणि कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत जोडाशी ती वर्षभरात गंजते. लांबी १०० मीटरच्या आत ठेवा आणि मधे जोड देऊ नका.

एका जुलैत एका घरी गेलो. रेडिओ चालू-बंद होत होता. घरात टेबलाखाली पीओई अडॅप्टर होता, त्याच्या जॅकमधून पाण्याचा थेंब टपकला. वर छपरावर केबलला खारीनं दातांनी बारीकशी चीर पाडली होती. तिथून पाणी आवरणाच्या आतून, तारांच्या बाजूनं, चाळीस फूट खाली उतरून घरात आलं होतं. जॅकच्या पिना शेवाळासारख्या हिरव्या झालेल्या. रेडिओ तीनदा बदलून झाला होता, केबल कुणी पाहिलीच नव्हती. त्यातला एकदा बदलणारा मीच.

म्हणून:

- केबल रेडिओत खालूनच शिरली पाहिजे. शिरण्याआधी हातभर झोळ सोडा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. भिंतीतून आत जातानाही बाहेर तसाच झोळ, आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा.
- पागोळ्या पडतात तिथून केबल नेऊ नका.
- रेडिओचं झाकण "टक्" असा आवाज येईपर्यंत बसवा. केबलसाठीचा रबरी बूच फेकून देऊ नका. फेकला तर त्या भोकातून मुंग्या आत घर करतात.
- साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते. स्वतःला चिकटणारी रबरी टेप वापरा. केबल टाय काळेच घ्या, पांढरे एका उन्हाळ्यात तुटतात.
- माकडांचा वावर असेल तर लोंबती केबल एकही इंच ठेवू नका. ते झोका घेतात. खांबापासून भिंतीपर्यंत पीव्हीसी पाइपातून न्या.

६. अर्थिंग

हे टाळणारेच जास्त. खांबाला जाड तांब्याची तार जोडून घराच्या अर्थिंगला न्या, शक्य तेवढी सरळ आणि कमी वळणांची. केबलवर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा डबा) लावा. तो तुमच्या पीओईला आणि वेगाला चालणारा हवा, आणि त्याची स्वतःची अर्थ वायर जोडलेली हवी. नुसता अडकवलेला प्रोटेक्टर म्हणजे शोभेचा डबा. थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काही टिकत नाही. म्हणून वळवाच्या नि परतीच्या पावसात गडगडायला लागण्याआधीच प्लग काढायला घरच्यांना सांगा. वीज कडाडत असताना वायरीला हात लावू नका.

धोका: काही घरांत अर्थच्या जागी न्यूट्रल जोडलेला असतो. साध्या टेस्टरनं हे कळत नाही. शंका असेल तर वायरमन बोलवा, तोवर खांब त्याला जोडू नका.

७. पीओई: दोन भोकं, एक चूक

अडॅप्टरवर दोन जागा असतात. "पीओई" रेडिओकडे, "लॅन" राउटरकडे. साध्या २४ व्होल्टच्या अडॅप्टरमधून समोर काय आहे हे न बघता सतत वीज जाते. उलटं जोडलंत की लॅपटॉपचं किंवा राउटरचं पोर्ट जळू शकतं. लेबल लावा, मार्करनं मोठ्या अक्षरात. २४ व्होल्टच्या रेडिओला ४८ चा अडॅप्टर लावू नका, आणि "जॅक बसतोय म्हणजे चालेल" हे तर मुळीच नको.

लाइट जाते तिथं राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लोक घेतात आणि मग विचारतात, वायफाय दिसतंय पण नेट का नाही? रेडिओचा अडॅप्टर वेगळा आहे, तो बंद पडलेला असतो. दोघांनाही बॅकअप हवा.

८. अलाइनमेंट

आता कागदावरचा आकडा खिशातून काढा.

आधी डिश घेतलेल्या दिशेवर अंदाजे लावा. टॉवर घरापेक्षा १५० मीटर उंच, ३ किलोमीटर दूर असेल तर तीन अंश वर बघायचं. डिशवरचा बाण वरच असू द्या. नट एवढेच आवळा की हातानं डिश फिरेल पण आपोआप घसरणार नाही.

एक जण डिशच्या मागे, दुसऱ्याच्या हातात मोबाइल. डिशच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फिरवा, बोटभर सरकवा आणि पाच सेकंद थांबा. स्क्रीनवरचा आकडा मागून येतो. घाई करणारा माणूस नेहमी खरं टोक ओलांडून पुढे जातो.

फिरवताना सिग्नल चढेल, उतरेल, पुन्हा खूप चढेल, उतरेल, पुन्हा थोडा चढेल. दोन लहान टेकड्या आणि मधे एक डोंगर. पहिल्याच टेकडीवर थांबून नट आवळणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तिथं उणे ७२ दिसतो, इंटरनेट चालतं, दोघं खूश होऊन उतरतात. पण कागदावर उणे ५८ आहे. हे १४ डीबी म्हणजे तीच बाजूची टेकडी. डावीकडचा आणि उजवीकडचा, दोन्ही उतार बघितल्याशिवाय मधला डोंगर सापडला असं समजू नका.

आडवं झालं की उभं, तसंच. मग पुन्हा एकदा आडवं. शेवटी नट आळीपाळीनं थोडे-थोडे आवळा आणि डोळा आकड्यावर ठेवा. एकच नट पूर्ण आवळला तर डिश अर्धा-एक अंश सरकतेच.

तपासा:
- आकडा अपेक्षेच्या तीन-चार डीबीत आहे?
- दोन्ही चेनमधला (रेडिओतल्या आडव्या नि उभ्या सिग्नलच्या दोन वाटांमधला) फरक ४-५ डीबीपेक्षा कमी आहे? जास्त असेल तर डिश बाजूला कललीय, लाइनमध्ये काही आडवं येतंय, नाहीतर रेडिओत दोष आहे.
- टॉवरला आपला सिग्नल कसा दिसतो, हे ऑफिसला फोन करून विचारलंत? जाणारी बाजू वेगळी असते.
- फार जवळ असाल आणि उणे ३५ येत असेल तर पॉवर कमी करा. मोठ्यानं ओरडलं म्हणून जास्त ऐकू येत नाही.

एवढं करूनही आकडा जुळत नसेल तर झाड, टेकडी किंवा चुकीचा सेक्टर, याच क्रमानं शोधा. डिश पुन्हा-पुन्हा फिरवू नका.

९. मोजणी वायरनं, वायफायनं नाही

लॅपटॉप थेट अडॅप्टरच्या लॅनला लावा. आधी बघा, केबल १०० किंवा १००० वर जोडली गेलीय का. १० दिसलं तर जॅक पुन्हा मारा. मग गेटवेला (सेवा देणाऱ्याच्या बाजूचं पहिलं यंत्र) २०० पिंग, म्हणजे तपासणीचे छोटे संदेश, पाठवा, एकही हरवायला नको. त्यानंतर स्पीड टेस्ट, डाउनलोड आणि अपलोड दोन्ही. जमलं तर रात्री नऊला गिऱ्हाइकाला पुन्हा करायला सांगा, दुपारी दोनला सगळेच सेक्टर मोकळे असतात.

इथं सगळं ठीक आणि माजघरात नेट हळू, तर दोष घरातल्या वायफायचा. दोन फुटी मातीच्या भिंतींच्या घरात टीव्हीमागे कोंबलेला राउटर स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. पीपीपीओई रेडिओत असेल तर राउटर नुसता वायफायसाठी आहे: त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल वॅनच्या (इंटरनेटच्या) भोकात नाही, लॅनच्या भोकात लावा.

१०. निघण्यापूर्वी

एका चिठ्ठीवर तारीख, दोन्ही बाजूंचा सिग्नल, सेक्टरचं नाव आणि केबलची लांबी लिहून अडॅप्टरच्या पाठीला चिकटवा. डिशचे, झोळाचे आणि डिशमागून टॉवरच्या दिशेनं, असे तीन फोटो काढा. पुढच्या वर्षी "काही बदललं नाही हो" असं ऐकू येईल, तेव्हा त्या तिसऱ्या फोटोत नसलेला माड समोर उभा दिसेल.

तक्रार आली की शिडी लावण्याआधी चिठ्ठीवरचा आकडा वाचायला सांगा आणि आजचा रेडिओवर बघा. दोन्ही सारखे असतील तर छपरावर तुमचं काही काम नाही, पीओई आणि राउटर बघा. पावसाळ्यात हळूहळू १० डीबी उतरले असतील तर झाड. एका रात्रीत उतरले असतील तर वारा, माकड किंवा पाणी. येताना १३ नंबरचा पाना आणि नवी केबल दोन्ही घेऊन या.